बंद दारांचा चित्रपट : ‘ट्रेन टू बुसान’चे गुणदोष

विभागाच्या पत्रिकेत झॉम्बीपटाविषयी लिहावयाचे म्हणजे आरंभी थोडे समर्थन करणे प्राप्त आहे. ज्या पृष्ठांवर बोलींच्या सीमारेषा, शिलालेखांतील विभक्तिरूपे आणि पोथ्यांतील पाठभेद यांची चर्चा व्हावयाची, तेथे उठून धावणाऱ्या प्रेतांस जागा का द्यावी, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट प्रथम पाहिला तो विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव, आणि काहीशा अनिच्छेने. नामकरण आणि सत्ता या विषयावरील तासाला दोघातिघांनी पुनःपुन्हा याच चित्रपटाचे दाखले दिले. तो न पाहता मान डोलावणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. पाहिल्यावर असे वाटले की, दाखले योग्य होते. परंतु विद्यार्थ्यांनी चित्रपटातील पित्याचा त्याग आणि खलनायकाचे पारिपत्य ही जी अंगे वाखाणली ती त्याची दुबळी अंगे होत, आणि शेवटचे जे गाणे त्यांनी ‘भाबडे’ म्हणून हसण्यावारी नेले ते मात्र चित्रपटाच्या रचनेतून न्यायतः निघालेले आहे. हा लेख त्या वादातून निर्माण झाला.

योन सांग-हो या दक्षिण कोरियन दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०१६ सालचा. मे महिन्यात कान महोत्सवातील मध्यरात्रीच्या विभागात तो प्रथम दाखविला गेला आणि जुलैत कोरियातील चित्रगृहांत आला. पाच कोटी वस्तीच्या त्या देशात त्याची एक कोटीहून अधिक तिकिटे खपली. योन हे मूळचे अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक. ‘द किंग ऑफ पिग्ज’ (२०११) आणि ‘द फेक’ (२०१३) या त्यांच्या आधीच्या दोन्ही कृती समाजातील क्रौर्याविषयीच्या, आणि अत्यंत कडवट. प्रत्यक्ष नटनटी घेऊन केलेला हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्यातील चांगले जे आहे ते पूर्वीच्या कडवटपणातून आले आहे, आणि जे सैल आहे ते बहुधा तो कडवटपणा मोठ्या प्रेक्षकवर्गास रुचेल अशा बेताने पातळ करण्यातून आले आहे, असे आमचे मत आहे.

कथा थोडक्यात अशी. सोक-ऊ हा सेऊलमधील गुंतवणूक-निधीचा व्यवस्थापक. पत्नी विभक्त होऊन बुसानला राहते. लहानगी मुलगी सू-आन हिच्या वाढदिवसाला त्याने आणलेला खेळ तिच्यापाशी आधीच आहे, आणि तोही त्यानेच पूर्वी दिलेला. आईकडे जाण्याचा तिचा हट्ट पुरा करण्यासाठी तो तिला घेऊन पहाटेच्या जलदगाडीत बसतो. गाडी सुटता सुटता चावा घेतला गेलेली एक मुलगी डब्यात शिरते. त्यानंतर डब्यामागून डबा प्रेतवत् झालेल्या, परंतु विलक्षण वेगाने धावणाऱ्या माणसांनी भरत जातो. दार लावून मागे हटणे, आणि दार उघडून पुढे जाणे, या दोनच क्रियांवर जवळजवळ दोन तासांचा चित्रपट उभा आहे.

‘झॉम्बी’ या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहिण्याचा मोह आवरत नाही. हैतीच्या क्रिओल भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि त्याचे मूळ पश्चिम-मध्य आफ्रिकेतील कोंगोसारख्या भाषांत शोधले जाते. मराठीतील ‘झोंबी’ शी त्याचा काहीएक संबंध नाही. उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती सांगण्याची खोड विद्यार्थ्यांनी येथे तरी आवरावी. ‘झोंबिवली’ (२०२२) हे नाव योजणाऱ्या आदित्य सरपोतदारांच्या मराठी चित्रपटाने या साम्याचा विनोदासाठी उपयोग केला, ती गोष्ट निराळी. हैतीतील मूळ कल्पनेत झॉम्बी हा भक्षक नव्हताच. तो इच्छाशक्ती हरपलेला, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गुलाम होता. ‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) या जुन्या बोलपटात तो साखरेच्या घाण्यावर राबताना दिसतो. माणसे खाणारा समूह ही कल्पना रूढ झाली ती जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पासून, आणि गंमत अशी की, त्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द कोणी उच्चारीतच नाही. आपल्या परंपरेतील वेताळही प्रेतात संचारतो. परंतु तो बोलतो, कथा सांगतो, कोडे घालतो, आणि उत्तर आले की निसटून झाडावर जाऊन लटकतो. झॉम्बीचे पहिले लक्षण हे की त्याची वाणी गेलेली असते. भाषेच्या अभ्यासकास या प्रकारात रस वाटण्याचे हे एक कारण.

आता गुणांकडे वळू. या चित्रपटाचा पहिला गुण त्याची नियमबद्धता हा होय. अद्भुतकथेत काहीही घडू शकते असे मानणारे लेखक पुष्कळ आहेत; त्यांच्या कथांत म्हणूनच कशाचेही भय वाटत नाही. येथील बाधितांचे नियम मोजके आहेत, ते कोणी पात्र व्याख्यान देऊन सांगत नाही, आणि प्रेक्षक ते पात्रांबरोबरच शिकतो. ते दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या माणसावर धावतात. सरकते दार कसे उघडावयाचे हे त्यांना उमगत नाही. काचेपलीकडे माणूस दिसतो तोवर ते काचेवर आदळत राहतात. काच झाकली की स्तब्ध होतात. सोंग-ग्योंग ही गर्भवती स्त्री काचेवर पाणी शिंपडून वर्तमानपत्राचे कागद चिकटविते, तो प्रसंग पाहावा. वर्तमानपत्र येथे वाचावयाचे नसून डोळ्यांआड करावयाचे साधन झाले आहे. दिग्दर्शकाच्या मनात हा उपरोध होता की नाही हे सांगवत नाही. पण डब्यातील दूरचित्रवाणीवर त्याच सुमारास जे सांगितले जात आहे ते पाहता तो प्रेक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे गाडी बोगद्यात शिरते, अंधार होतो, आणि बाधित माणसे जागच्या जागी चाचपडत उभी राहतात. या एका शोधामुळे रेल्वेमार्गाची भूगोलातील रचनाच युद्धनीती बनते. सोक-ऊ, सांग-ह्वा हा आडदांड पण प्रेमळ गृहस्थ, आणि बेसबॉल खेळणारा एक विद्यार्थी असे तिघे नवव्या डब्यातून तेराव्या डब्याकडे निघतात. तेथे स्वच्छतागृहात सू-आन, सोंग-ग्योंग, एक वृद्धा आणि एक बेघर माणूस अडकले आहेत. दंडांना चिकटपट्टी गुंडाळून आणि हाती बेसबॉलची फळी घेऊन त्यांनी एकेक डबा ओलांडावयाचा आहे. मारधाडीच्या चित्रपटांत हा भाग नमुनेदार मानावा लागेल. पहिला डबा निव्वळ बळाने पार होतो. पुढच्या एका डब्यात विद्यार्थ्याचेच संघसोबती बाधित होऊन उभे आहेत. त्याचा हात उचलत नाही. त्यानंतर बोगदा, अंधार, दुसऱ्या टोकाला वाजविलेला दूरध्वनी, सामानाच्या फळीवरून पोटावर सरपटत जाणे. प्रत्येक डब्यात अडचण निराळी आणि उपायही निराळा. मारामारीची पुनरुक्ती कोठेही होत नाही. गाडीचा बोळ अरुंद असल्यामुळे कॅमेऱ्यालाही पळवाट नाही. कोण कोठे आहे याविषयी प्रेक्षकाचा क्षणभरही गोंधळ होत नाही. अलीकडील मारधाडीच्या चित्रपटांत इतकी साधी गोष्टही दुर्मीळ झाली आहे. बाधितांच्या अंगविक्षेपांत सांधे उलटे वळल्याचा जो भास होतो, तो नटांच्या शरीरांतून साधलेला आहे, आणि म्हणूनच तो पाहवत नाही.

परंतु केवळ कौशल्यासाठी या चित्रपटाविषयी लिहावयाचे कारण नव्हते. त्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा: माणसास मारण्यापूर्वी त्याला नाव द्यावे लागते, हे या चित्रपटाने ओळखले आहे. डब्यातील पडद्यावर प्रथम जी बातमी येते ती ‘दंगली’ची. देशभर हिंसक जमाव उसळला असून शासन बंदोबस्त करीत आहे, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, त्यांच्या सुरक्षिततेस धोका नाही. कोरियन भाषेत क्रियापदाच्या अंत्यरूपांवरून बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते व्यक्त होते, आणि अधिकृत निवेदने अत्यंत औपचारिक, आदरार्थी रूपांत केली जातात. जितका आदर अधिक तितके अंतरही अधिक. उपशीर्षकांत हे सर्व लोपते. पण निवेदकाच्या सुरातून ते मराठी प्रेक्षकालाही जाणवावे.

ही बातमी पाहून शेजारी बसलेल्या दोन वृद्ध बहिणींपैकी एक उद्गारते की, पूर्वीच्या काळी अशांना धरून सुधारणाछावणीत घातले असते. हा उल्लेख सामचोंग छावण्यांचा. १९८० साली लष्करी राजवटीने ‘समाजशुद्धी’च्या नावाखाली सुमारे ४०,००० माणसे तेथे डांबली, आणि त्यांत निरपराध पुष्कळ होते. गोड बोलणाऱ्या, प्रवासात उकडलेली अंडी खाणाऱ्यांतल्या अशा एका आजीच्या तोंडी हे वाक्य सहजगत्या येते. दिग्दर्शक त्यावर थांबत नाही, कोणी तिला प्रत्युत्तर देत नाही, आणि गाडी पुढे जाते. या चित्रपटातील सर्वांत भेदक वाक्य आम्ही हेच मानतो.

कोरियन प्रेक्षकाने हे सारे कोणत्या आठवणींसह पाहिले असेल, हेही ध्यानी घ्यावे. १६ एप्रिल २०१४ रोजी ‘सेवोल’ ही प्रवासी बोट बुडून ३०४ माणसे दगावली. त्यांत बहुतांश शाळेच्या सहलीस निघालेली मुले होती. बोट कलंडत असता ध्वनिक्षेपकावरून त्यांना जागीच बसून राहण्यास सांगितले जात होते. २०१५ साली मर्स या रोगाने त्या देशात १८६ जणांस ग्रासले आणि ३८ जण मरण पावले; रोगी कोणत्या रुग्णालयांत आहेत हे शासनाने प्रारंभी जाहीर केले नव्हते. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या या चित्रपटात ‘धोका नाही’ हे निवेदन ऐकताना चित्रगृहात काय झाले असेल याची कल्पना करता येते. आरंभीच्या प्रसंगात जनावरांच्या रोगाचा जो नाका दिसतो, तोही कोऱ्या कल्पनेतून आलेला नाही. २०१०-११ च्या हिवाळ्यात लाळ्या-खुरकताच्या साथीपायी त्या देशात तीस लाखांहून अधिक डुकरे मारण्यात आली होती. मालमोटारीखाली मेलेले हरीण उठून उभे राहते, त्या दृश्यामागे इतका इतिहास आहे.

आर्थिक व्यवहाराची भाषाही अशीच हेरली आहे. कोरियन शेअरबाजाराच्या बोलीत किरकोळ गुंतवणूकदारास ‘मुंगी’ म्हणतात. चित्रपटाच्या आरंभी सोक-ऊ हाताखालच्या माणसास सर्व समभाग विकून टाकण्यास सांगतो, आणि या लहान माणसांचे काय होईल हा प्रश्न झटकून टाकतो. ज्याने माणसांना आधीच मुंग्या म्हणावयाची सवय लावून घेतली आहे, त्याच्यावर पुढे मुंग्यांसारखीच एकमेकांवर चढणारी माणसे चाल करून येतात.

आता चित्रपटाच्या केंद्रस्थानी असलेला प्रसंग. तिघे वीर आपल्या माणसांना सोडवून पंधराव्या डब्याशी पोहोचतात. तेथे निरोगी प्रवासी आहेत. आतली माणसे दार उघडीत नाहीत. उलट ते बांधून टाकतात. सांग-ह्वा मागचे दार अंगाने रोखून धरतो, त्याला चावे घेतले जातात, आणि तो मरतो. वृद्ध बहिणींपैकी एक, इन-गिल, मागेच राहते. कसेबसे दार फोडून बाकीचे आत येतात, तोच बस कंपनीचा एक अधिकारी योंग-सोक ओरडतो की हे बाधित आहेत. कोणाच्याही अंगावर चावा नाही. डोळे स्वच्छ आहेत. ते बोलत आहेत, आणि वाणी शाबूत असणे हीच येथे माणूसपणाची खूण आहे. तरीही तो एक शब्द पुरेसा होतो. डब्यातील सर्वजण त्यांना पलीकडच्या बोळात घालवून ते दारही बांधून घेतात. चावा घेतल्यावर माणूस बदलण्यास काही क्षण लागतात. शब्दाला तेवढाही अवधी लागत नाही.

येथे एक वैयक्तिक गोष्ट नमूद केल्याखेरीज पुढे जाणे बरे वाटत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखक राहत असलेल्या इमारतीत एका परिचारिकेस घरी येण्यास मज्जाव करणारा कागद फिरविण्यात आला. कागदावर त्या बाईंचा उल्लेख ‘संशयित’ असा होता. त्यांची तपासणी झालेली नव्हती, लक्षणे नव्हती. कागद अत्यंत सभ्य भाषेत, ‘सहकार्याची विनंती’ करणारा होता. त्याखाली जी एकोणीस नावे होती त्यांत एक आमचे होते. त्या बाई पुढे दीड महिना रुग्णालयाच्या वसतिगृहात राहिल्या. भाषाशास्त्राच्या पदवीचा त्या संध्याकाळी काहीच उपयोग झाला नाही. पंधराव्या डब्याचा प्रसंग पाहताना योंग-सोकविषयी संताप येण्याऐवजी त्याच्यामागे उभ्या असलेल्या, काहीही न बोलणाऱ्या प्रवाशांचे चेहरे आम्ही न्याहाळीत राहिलो, त्याचे कारण हे.

आणि येथेच चित्रपटाच्या दोषांची चर्चा सुरू होते. पूर्वार्धात दार लावणे हे कोणा एकाचे पाप नाही. पहिल्या पळापळीत सांग-ह्वा आणि त्याची गर्भवती पत्नी धावत येत असता सोक-ऊ स्वतःच त्यांच्या तोंडावर दार लावू पाहतो. वृद्धेला जागा देणाऱ्या मुलीला तो बजावतो की अशा वेळी फक्त स्वतःचे पाहावे. देजोन स्थानकावर ओळखीच्या लष्करी माणसाकडून आपल्या दोघांपुरती सुटकेची वाट तो मिळवितो, आणि मुलीने इतरांना सांगू नये अशी त्याची अपेक्षा असते. नायक आणि खलनायक यांच्यात या टप्प्यावर स्वभावाचा भेद नाही. आहे तो केवळ संधीचा. हे फार धाडसाचे चित्रण आहे. मारधाडीच्या चित्रपटात प्रेक्षकाला ज्याच्या खांद्यावर बसवावयाचे तोच माणूस इतका क्षुद्र दाखविणे सोपे नाही.

उत्तरार्धात मात्र ही क्षुद्रता हळूहळू सर्वांच्या अंगावरून उतरविली जाते आणि एकट्या योंग-सोकच्या डोक्यावर रचली जाते. रेल्वेचा कर्मचारी, तरुण मुलगी, अखेर त्याला वाचविण्यास वळलेला गाडीचालक, असे एकेकजण तो स्वतःच्या बचावासाठी पुढे ढकलीत जातो. तिसऱ्या वेळेस तर प्रेक्षागृहात हशा पिकतो. दुष्टपणाला काही कारण असावे, काही मर्यादा असावी. येथे तो केवळ कथानकाची सोय झाला आहे. पंधराव्या डब्यातील बाकीच्या प्रवाशांचे काय? त्यांचा निकाल दुसरी वृद्ध बहीण, जोंग-गिल, लावते. काचेपलीकडे बाधित झालेली आपली बहीण पाहून ती शांतपणे दार उघडते आणि सारा डबा मृत्यूच्या स्वाधीन करते. प्रसंग म्हणून तो अविस्मरणीय आहे, हे मान्य केलेच पाहिजे. छावण्यांची आठवण प्रेमाने काढणाऱ्या दोघींतलीच एक न्यायाधीश होते, ही योजनाही सूचक आहे. पण कॅमेरा तेथे थांबत नाही. गप्प राहिलेल्यांना गप्प राहण्याची शिक्षा मिळाली, असे समाधान प्रेक्षकाच्या पदरी टाकून चित्रपट घाईने पुढे जातो. जो प्रश्न त्याने स्वतःच इतक्या कष्टाने उभा केला, तो त्याने एका दाराबरोबर उघडून संपवून टाकला. गप्प राहणारे मेले. उरला तो एक दुर्जन. आणि दुर्जन म्हणजे आपण नव्हे. आमच्यासारख्या एकोणीस सही करणारांना हा चित्रपट अशा रीतीने फार स्वस्तात सोडतो.

योंग-सोकचा अंत मात्र या टीकेस अपवाद. इंजिनात तो सापडतो तेव्हा त्याचे डोळे पांढरे होत आले आहेत, आणि तो लहान मुलासारखा बोलू लागतो. आई वाट पाहत आहे, मला घरी पोहोचवा, अशी विनवणी करतो. वाणी जाण्यापूर्वी ती बालपणाच्या दिशेने माघारी सरकते, ही कल्पना मर्मज्ञ आहे. किम ऊइ-सोंग या नटाने ती अर्ध्या मिनिटात साधली आहे. इतका समर्थ नट हाताशी असता लेखकाने त्याला तासभर कळसूत्री बाहुली का करावे, असेच वाटते.

सोक-ऊच्या मृत्यूचा प्रसंग विद्यार्थ्यांना सर्वाधिक आवडला. आम्हांस तो चित्रपटाचा सर्वांत मोठा ढिसाळपणा वाटतो. एक तर नियम मोडतात. आरंभी चावा घेतलेला माणूस पाहता पाहता उलटतो; नायकाला मात्र मुलीचा निरोप घेण्यास, सोंग-ग्योंगला इंजिन थांबविण्याची रीत समजावण्यास, आणि गाडीच्या टोकावर उभे राहून स्मरणरंजन करण्यास पुरेसा अवधी मिळतो. स्मरण तरी कोणते? नवजात कन्येला हाती घेतल्याचे, पांढऱ्याशुभ्र उजेडातले. विमा कंपनीच्या जाहिरातीत शोभावे असे. त्याखाली वाद्यवृंदाचा पूर. गोंग यू हा संयमी नट आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरील क्षीण हास्य पुरेसे होते. दुसरे असे की, या प्रसंगामुळे एक महत्त्वाचा हिशेब अपुरा राहतो. ही साथ ज्या जैवतंत्र कंपनीतून निसटली, तिला सोक-ऊच्याच व्यवहारांनी जगविले होते, हे मध्यंतरी दूरध्वनीवर उघड होते. रक्ताने माखलेले हात धूत तो एकटाच रडतो. तो क्षण उत्तम आहे. पण त्यानंतर ही गोष्ट चित्रपट जणू विसरून जातो. लाखो माणसांच्या मृत्यूतील वाटा, आणि चांगला बाप न झाल्याची खंत, या दोन अपराधांची गल्लत करून दुसऱ्याच्या प्रायश्चित्तात पहिल्याचेही विसर्जन केले आहे.

स्त्रीपात्रांविषयी थोडेच लिहितो, कारण चित्रपटानेही त्यांना थोडेच दिले आहे. काच झाकण्याची युक्ती सोंग-ग्योंगची. तरी त्यानंतर तिला धावणे आणि वाचविले जाणे एवढेच काम उरते. फळी एकीच्याही हाती येत नाही. सांग-ह्वा मरता मरता न जन्मलेल्या मुलीचे नाव मोठ्याने सांगतो, तेथे नामकरणाचा धागा पुन्हा एकदा सुंदर रीतीने येतो. परंतु नाव ठेवण्याचा अधिकारही बापाकडेच राहिला, हे लक्षात येतेच.

शेवटी ते गाणे. सोंग-ग्योंग आणि सू-आन बुसानच्या तोंडाशी उतरून एका बोगद्यातून चालत निघतात. पलीकडे सैनिक बंदुका रोखून आहेत. अंधारात दोन आकृत्या हलताना दिसतात; त्या निरोगी आहेत की बाधित हे नजरेने ठरविता येत नाही, आणि वरून गोळी घालण्याचा हुकूम होतो. तेवढ्यात सू-आन रडत रडत गाऊ लागते. गाणे ‘अलोहा ओए’. शाळेच्या कार्यक्रमात बाप आला नाही म्हणून तिने अर्ध्यावर सोडलेले. विद्यार्थ्यांचा आक्षेप असा की, हा ओढूनताणून आणलेला गहिवर आहे. आम्हांस तो मान्य नाही. संपूर्ण चित्रपटात अंधार हा बाधितांना आंधळे करणारा होता. आता त्याच अंधाराने सैनिक आंधळे झाले आहेत. ज्यांना दिसत नाही ते दोन्ही बाजूंचे सारखेच धोकादायक. दूरचित्रवाणीवरील औपचारिक वाणीने आजवर माणसांना चुकीची नावे दिली. येथे निवेदन नाही, नाव नाही, कोणता दावाही नाही. केवळ एक मानवी आवाज येतो, आणि ज्याला वाणी आहे तो अद्याप माणूस आहे, हा पहिल्या डब्यापासून पाळला गेलेला नियम अखेरच्या क्षणी सिद्ध होतो. गाणे हवाई बेटांच्या भाषेतून आलेले, ऐकणाऱ्या सैनिकांना त्याचे मूळ शब्द उमगण्याचेही कारण नाही. अर्थ न कळताही बंदूक खाली येते. बापाच्या मृत्यूपाशी ज्या संगीताने आमचा विरस केला होता, ते येथे पुष्कळसे बाजूस राहते, हेही चांगलेच झाले.

२०२० साली ‘पेनिन्सुला’ नावाने याचा उत्तरभाग निघाला. त्यात अरुंद बोळ जाऊन मोकळे रस्ते आणि मोटारींच्या शर्यती आल्या, आणि नियम गेल्याबरोबर भयही गेले. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

एक गोष्ट शीर्षकाची राहिली. मूळ कोरियन नाव ‘बुसानहेंग’. यात ‘गाडी’ हा शब्द नाही. ‘हेंग’ हा चिनी मुळाचा प्रत्यय गन्तव्यस्थानाच्या नावास जोडतात. स्थानकावरील फलकावर तो असतो, आणि त्याचा अर्थ ‘बुसानकडे जाणारी’ एवढाच. १९५० च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील सैन्याने जवळजवळ सारा दक्षिण भाग व्यापला, तेव्हा बुसान आणि त्याभोवतालचा आग्नेय कोपरा तेवढा उरला होता, आणि निर्वासितांचे लोंढे त्याच दिशेने वाहत होते. त्यामुळे कोरियन कानाला ‘बुसानकडे’ हा शब्द निव्वळ प्रवासाचा वाटत नसावा. इंग्रजी नावाने गाडी पुढे आणली आणि ही दिशा पुसट केली. मूळ नाव पोहोचल्याचे आश्वासन देत नाही, आणि चित्रपटही देत नाही. बोगद्याच्या तोंडाशी सैनिक त्या दोघींकडे धावत येतात, तेथे तो संपतो. बुसान शहर पडद्यावर एकदाही दिसत नाही.